न सांगितलेलं कॉलेज

अर्जात स्पष्ट लिहिलं होतं: शाळा संपल्यावर जिथे जिथे नाव घातलंत, त्या प्रत्येक कॉलेजचं गुणपत्रक जोडा. मी एक जोडलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी गावाजवळच्या एका छोट्या कॉलेजात मी एक सत्र काढलं होतं. काढलं म्हणजे काय, वर्गात गेलेच नाही. रसायन, जीवशास्त्र, गणित, तिन्हीत नापास. भाषणकलेत तेवढी पास झाले, कारण तो वर्ग दुपारी असायचा. आजारपण नाही, घरची अडचण नाही. आळस, बस्स.

पुढे विद्यापीठात मान मोडून अभ्यास केला. आता एकतिसाव्या वर्षी पशुवैद्यकीय कॉलेजला अर्ज करताना माझी सरासरी चारपैकी तीन पूर्णांक सहा दशांश होती. ते जुने तीन भोपळे धरले की ती तीन पूर्णांक तीन दशांशावर यायची. मग मी ते धरलेच नाहीत. खाली 'वरील माहिती पूर्ण व खरी आहे' असं होतं, त्यावर सही ठोकली.

मार्चमध्ये प्रवेश कार्यालयातून फोन आला. बाई अगदी सौम्य आवाजात बोलत होत्या.

"मिस होल्टग्रेन, तुमच्या विद्यापीठाच्या गुणपत्रकावर भाषणकलेचे तीन क्रेडिट दुसऱ्या कॉलेजातून आलेले दिसतात. त्या कॉलेजचं नाव अर्जात नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आम्ही ते गुणपत्रक मागवून घेतलं," त्या म्हणाल्या. "खरं सांगू? आम्ही शेवटच्या पंचेचाळीस क्रेडिटांचीच सरासरी काढतो. बारा वर्षांपूर्वीचं ते सत्र हिशेबात आलंच नसतं. पण माहिती लपवलीत, म्हणून अर्ज रद्द करावा लागतोय."

फोन ठेवला तेव्हा कान तापले होते. लपवायचं कारणच नव्हतं, आणि मी त्यांचे प्रवेशाचे नियम नीट वाचलेही नव्हते.

त्याच दिवशी आमच्या दवाखान्याचे पशुवैद्य डॉ. टेसमर मला व्हर्ला क्यूनच्या गोठ्यावर घेऊन गेले. आठ वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम करत होते आणि माझ्यासाठी शिफारसपत्रही त्यांनीच लिहिलं होतं. तिथे व्यायल्यावर एका गायीचं मायांग, म्हणजे गर्भाशय, बाहेर आलं होतं. मी ते स्वच्छ टॉवेलवर उचलून धरलं, डॉक्टर खांद्यापर्यंत हात घालून हळूहळू आत ढकलत होते. तासाभरानं गाय उठून उभी राहिली.

व्हर्लानं गरम पाण्याची बादली आणली. "काय डॉक्टरीणबाई, आम्हाला टाकून कधी निघताय?"

"ती ऑगस्टमध्ये जाणार," डॉक्टर हसून म्हणाले. "हिला नाही घेणार तर कुणाला घेणार?"

"नाही जाणार," मी म्हणाले. "अर्ज रद्द झालाय. मी खोटं लिहिलं होतं."

आणि हात धुता धुता सगळं सांगून टाकलं. व्हर्ला गायीकडे बघत राहिली, आम्ही दोघं तिथे नसल्यासारखी.

डॉक्टरांनी दंड पुसले, बाही खाली केली. "मी पत्रात काय लिहिलं होतं, ठाऊक आहे तुला?"

"नाही, डॉक्टर."

"लिहिलं होतं की ही पोरगी औषधाचा एक थेंब चुकला तरी आपण होऊन येऊन सांगते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"काम सोडू का?" गाडीत बसल्यावर मी विचारलं.

"बुधवारी साठ गायी तपासायच्यात," ते म्हणाले. "ते मी एकट्यानं करू होय?" आणि त्यांनी गाडी सुरू केली.

मी त्या कार्यालयाला माफीचं पत्र लिहिलं. पुढच्या वर्षी तिन्ही नापासांसकट अर्ज भरला आणि का लपवलं होतं तेही लिहिलं. शिफारसपत्र मागायला डॉक्टरांच्या दारात दोनदा जाऊन परत फिरले. तिसऱ्यांदा त्यांनीच हाक मारली, "अगं, ये आत. लिहितो. पण या खेपेला मागच्या वर्षीचंही लिहीन."

"लिहा," मी म्हणाले.

मला प्रवेश मिळाला. दवाखान्यात केक कापला, व्हर्लासुद्धा आली होती. सगळे टाळ्या वाजवत होते. डॉक्टरांनी हात पुढे केला, मी तो धरला, पण वर बघायचं धाडस काही झालं नाही.