आधीच लिहिलेलं उत्तर

धायरीच्या सोसायटीत श्यामराव हे इतिहासाचे निवृत्त शिक्षक, म्हणून सगळ्या कार्यक्रमांचे आपोआप अध्यक्ष. प्रजासत्ताक दिनाला 'आपला इतिहास, आपली श्रद्धा' या विषयावर तिसऱ्या मजल्यावरच्या हमीदभाईंनी बोलावं, ही कल्पना श्यामरावांचीच. हमीदभाईंचा मार्केट यार्डात मसाल्याचा व्यापार. 'दुसरी बाजू' ऐकायला मन मोठं लागतं, असं श्यामराव बायकोला, हेमाताईंना, आठवडाभर सांगत होते. ते मन आपल्याकडे आहे, याबद्दल त्यांना शंका नव्हती. हमीदभाई बादशहांची बाजू घेणार हे धरून त्यांनी समारोपाचं भाषणही लिहून टाकलं. आधी मुद्देसूद खंडन, शेवटी क्षमा.

"अजून ते बोललेसुद्धा नाहीत," हेमाताई म्हणाल्या.

"काय बोलणार ते ठाऊक आहे."

प्रत्यक्ष कार्यक्रमात हमीदभाई बादशहांबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. आमच्या घरात इतिहास सुरू होतो तो पानशेतच्या पुरापासून, असं त्यांनी सांगितलं. आजोबांचं दुकान गेलं. चिखलातून आधी काय काढलं, तर कुराण. आजीने त्याचं पान न् पान वाळवलं. श्रद्धा म्हटलं की त्यांना आजीचे ते हात आठवतात. मग शाळेचा विषय निघाला.

"लढायांचा धडा आला की अख्खा वर्ग वळून माझ्याकडे बघायचा. मीही मागे बघायचो, कोण आलंय म्हणून."

लोक हसले. श्यामरावही हसले, आणि हसता हसता त्यांचा हात खिशातल्या भाषणाकडे गेला. आता क्षमा करायची कुणाला? शहाण्याने आभार मानून खाली बसावं. पण लिहिलेलं भाषण वाया घालवणं श्यामरावांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी ते सगळं वाचलं. क्षमेचं वाक्य मात्र इतक्या हळू आवाजात उरकलं, की मागून कुणीतरी ऐकू येत नसल्याची तक्रार केली. मग ते पुन्हा, मोठ्याने वाचावं लागलं.

चहाच्या वेळी ते ओशाळून हमीदभाईंपाशी गेले. "भलत्याच माणसाला उत्तर दिलं मी."

"उत्तर चांगलं होतं, सर. प्रश्न तेवढा कुणी विचारला नव्हता."

श्यामरावांनी जरा चाचरत विचारलं, ते कुराण अजून आहे का. हमीदभाईंनी त्यांना रविवारी घरी बोलावलं. पानांच्या कडांना चिखलाचा पुसट डाग होता. कागद कोणत्या काळातला, छपाई कुठली, हे सांगायला श्यामरावांची जीभ वळवळत होती. पण ते चक्क गप्प बसून आजीबद्दल ऐकत राहिले.

हेमाताईंचा यावर आजही विश्वास नाही.