शनीला बांधायचं कुठं

हैदराबाद संस्थानात फसली १३५४ सालचा, म्हणजे इंग्रजी १९४५चा, फाल्गुन लागला होता. उमरग्याच्या अलीकडच्या गावात महांतप्पाच्या खळ्यावर जोंधळ्याची मळणी चालली होती. मधोमध तिवड्याचा खांब रोवलेला, तिवड्याच्या एका दाव्यात चार बैल ओळीनं बांधलेले, पायांखाली कणसं, आणि बैलांमागं महांतप्पाची लेक शिवकांता. हातात चाबूक होता, पण नुसता नावाला. बैल तिच्या गाण्यावरच चालत. आई गेल्यापासून बैलांची ही पात तीच हाकायची.

त्या दुपारी सरकारी मदरशातले, म्हणजे शाळेतले, शांतलिंग मास्तर आले. वहाणा खळ्याबाहेर काढल्या, टोपी सारखी केली. शिवकांताशी त्यांची सुपारी फुटून वर्ष झालं होतं, आणि लग्न मात्र शनीनं अडवलं होतं. तिची रास वृषभ, साडेसातीचं दीड वर्ष अजून बाकी, असं जोशानं सांगितल्यापासून महांतप्पा लग्नाचं नाव काढू देत नव्हता.

"मामा, तबादल्याचा हुकूम आलाय," मास्तर म्हणाले. "मिरगाच्या आत आदिलाबादेला हजर व्हायचं. आई म्हणते, लगीन करून जा. न्हाईतर ती दुसरीकडं बघणार."

"बघू द्या की. बघायला काय लागतं?" महांतप्पा म्हणाला, पण पाखडायचं सूप त्याच्या हातातच राहिलं.

गाणं थांबलं. बैलही थांबले. लग्नाआधी मास्तरांशी बोलायची रीत नव्हती, म्हणून शिवकांता तिवड्याजवळच्या म्हाताऱ्या बैलाशी, बसूशी बोलली. "उभा का राहिलास रं बसू? तुला बी दुसरीकडं बघायचंय व्हय?"

मास्तरांचे कान लाल झाले. त्यांनी घसा खाकरला. "मामा, आमच्या किताबात शनीला जुहल म्हणतात. तो कुणाच्या राशीत बसायला येत नाही. सूर्याभोवती आपला फिरत असतो. हे खळंच बघा ना. तिवडा म्हणजे सूर्य, बैल म्हणजे ग्रह. आपली पृथ्वीसुद्धा त्यातलाच एक बैल. आणि डोळ्यांना दिसणाऱ्यांत शनी सगळ्यात बाहेरचा, सगळ्यात हळू."

महांतप्पा इतका हसला की सुपातला भुसा त्याच्याच मिशांवर उडाला.

"मास्तर, पात कवा हाकलीय का? हळू चालणारा बैल भायेर बांधला तर दावं तुटंल. भायेरच्याला लांबचा फेरा, त्यो पळता पायजे. म्हाताऱ्याची जागा तिवड्यापाशी. शनी हळू चालतो हे आमाला बी ठावं हाय. मंजी त्यो आतलाच! आपल्या अंगाला घासून चालणारा. म्हणून तर भ्या वाटतं."

 खळ्याचा दाखला मास्तरांनीच काढला होता, आणि तो त्यांच्याच अंगावर आला होता.

"बसू," शिवकांता हळूच म्हणाली, "मास्तरांना इचार, बुकात दाव्याचं काय लिवलंय?"

"काहीच नाही," मास्तर बैलाला म्हणाले आणि एकदम थांबले. "अरे, दावंच नाही! एका दाव्यात नाहीत ते. ज्याचा त्याचा फेरा, ज्याची त्याची चाल. सूर्याची ओढ तेवढी सगळ्यांवर. जवळच्यावर जास्त, लांबच्यावर पातळ. म्हणून लांबचा सावकाश."

"मग सोडते की," म्हणून शिवकांतानं दावं सोडलंसुद्धा. दोन बैल पाण्याला लावले. तरणा हरण्या आखूड दोरीनं तिवड्याला बांधला. बसूला मोकळा करून खळ्याच्या अगदी कडेला नेलं. मधली जागा रिकामी राहिली.

"आन पिरथमी?" महांतप्पानं विचारलं.

मास्तरच उभे राहिले. खळ्यावर रिकाम्या हातानं फिरायची पद्धत नाही, म्हणून महांतप्पानं त्यांच्या हातात शेणाची पाटी दिली. बैलानं शेपूट उचललं की धावायचं, दाण्यांवर काही पडू द्यायचं नाही. पृथ्वी निघाली, एक डोळा सूर्याकडं आणि एक हरण्याच्या शेपटाकडं. शिवकांतानं पदर तोंडाला लावला, आणि हसू आवरल्यावर गाणं धरलं:

*खळ्याच्या कडंकडंनं, बैल म्हातारा गं गेला*
*त्याच्या अर्ध्या फेऱ्यामंदी, माझा जल्म मोठा झाला*

हरण्या गरागरा फिरत होता. मास्तर घामाघूम. बसू दोन पावलं टाकी, थांबे, कडब्याचं एखादं धाट ओढी, रवंथ करी, मग पुन्हा दोन पावलं.

"मामा, माझे फेरे मोजताय ना?" मास्तरांनी धापा टाकत विचारलं.

"सात झाले. आन ह्यो अर्धा."

"थांबा! आता बसू कुठवर आलाय बघा."

महांतप्पानं नजरेनं खळं मापलं. "पाव. पाव खळं काटलंय त्यानं."

"माझा एक फेरा म्हणजे एक वरीस. बारातल्या तीन राशी, आपली आणि तिच्या अलीकडची-पलीकडची, म्हणजे पाव खळं. हीच साडेसाती मामा. एवढ्यात बसूनं कुणाकडं डोळे वटारून बघितलं?"

"कडब्याकडं," महांतप्पा म्हणाला. या वेळी तो हसला नाही. "मग त्याचा पुरा फेरा?"

"तीस वर्षं."

महांतप्पा सूप खाली ठेवून बोटं मोजू लागला. साठी त्यानं नुकतीच ओलांडली होती. "मंजी माझ्या हयातीत दोन फेरे झाले त्याचे. तिसरा काय मी बघत न्हाय." तो कडेच्या बैलाकडं बघत राहिला. हरण्याच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती.

शिवकांता बसूजवळ गेली, त्याच्या मानेवरून हात फिरवला. "बसू, अप्पांना इचार. अडवतोय कोण? शनी, का अप्पा?"

बैलानं विचारलं नाही, पण महांतप्पानं उत्तर दिलं. "ही गेल्यावर पात कोण हाकणार? माझा आवाज बैलांना कळत न्हाय. घरात पाऊल टाकलं की 'अप्पा, पाय धुवा' म्हणणारं कोण राहतंय?" आणि मग, जरा रागानंच, "जोशानं दीड वर्ष सांगितलं तवा मला बरं वाटलं. देवाशपथ, बरं वाटलं."

शिवकांताच्या डोळ्यांत पाणी आलं. महांतप्पानं बसूकडं बोट केलं.

"मास्तर, दीड वरीस मंजी बसूची पावलं किती?"

"तीन. फार तर चार."

"त्याची तीन पावलं, आन तेवढ्यासाठी पोरीची जमलेली सोयरीक मोडायची? साकु! लई झालं." 'साकु' म्हणजे पुरे, मन ठरलं की महांतप्पाच्या तोंडी कानडी येई. तरी पुरता धीर होईना. त्यानं वर, भर उन्हातल्या आभाळाकडं बघितलं. "एक सांगा. तिथनं त्याला आपलं खळं दिसतं का?"

"खळं कुठलं मामा! अख्खी पृथ्वी दिसली तरी ठिपका. जोंधळ्याच्या दाण्यापेक्षा बारीक."

"उमरगा धरून?"

"हैदराबाद धरून."

महांतप्पाला हे मनापासून आवडलं. मिशांतला भुसा झटकत तो म्हणाला, "मग अक्षयतृतीया धरा. पंगत इथंच, खळ्यावर. आन जावाईबापू, आईला आजच इचारून घ्या, एवढ्याशा ठिपक्यावर तुमच्याकडची माणसं बसवायची तरी किती?"