वेलमिनाच्या पिशवीतला धूर

“मेला हा काटा मला दर वेळी जास्तच दाखवतो,” डोर्कास पुटपुटली.

“काट्याला कशाला शिव्या? कमी गिळ,” ओत्निएल म्हणाला. तो तिचा नवरा आणि गावाचा प्रमुख, म्हणून सगळे हसले.

आमच्या डोंगरात विमानात बसायचं तर माणूस, रताळी, डुक्कर, सगळं काट्यावर चढतं. फक्त आजाऱ्याची पिशवी कोणी तोलत नाही, उघडतही नाही. तेवढी माणुसकी आम्ही पाळतो. त्या दिवशी आजारी होती वेलमिना, ओत्निएलच्या धाकट्या भावाची, याइरुसची बायको. मूल आडवं आलेलं, कालपासून कळा. वामेनाच्या इस्पितळात नेऊन पोट फाडलं तरच वाचेल, असं सुईणीने सांगितलं होतं. तिला मागे निजवलं. जागा नव्हती, म्हणून तिची नोकेन, म्हणजे डोक्यावरून पाठीवर सोडायची विणलेली पिशवी, पायलटच्या सीटमागे कोंबली.

उतारावरून विमान धावलं, दरीवर तरंगलं, आणि लगेच करपल्याचा वास आला. मग धूर. कॅप्टन फेर्डीला समोरची घड्याळं दिसेनात. खिडकीची झडप उघडून, खोकत, आपल्या मनाडोकडच्या शिव्या देत त्याने विमान वळवलं आणि त्याच पट्टीच्या चढावर कसंबसं टेकवलं. डोर्कास येशूला हाका मारत होती. वेलमिनाला धुराचं काहीच नव्हतं, ती आपल्याच कळांत होती.

कॅप्टनने नोकेन ओढून गवतावर उपडी केली. रताळ्यांखाली सोलर दिव्याची जड बॅटरी निघाली, विमानात न्यायला बंदी असलेली. पत्र्याचा मग तिच्या दोन्ही टोकांवर आडवा पडून लालबुंद तापला होता, पिशवीचे धागे वितळले होते.

“कोणाची?”

रात्री आमच्या गावात एकाच घरात दिवा लागतो. लोक आपापल्या पायाची बोटं बघत राहिले.

“पिशवी तिची, म्हणजे तिचीच ना,” ओत्निएल म्हणाला. “आजारी माणूस. डोकं ठिकाणावर नसतं.”

“ज्याची असेल त्याने पुढे यावं आणि आणखी कुठे काय लपवलंय ते दाखवावं. तोवर चाक हलणार नाही. ढग बघताय ना?”

कोणी पुढे आलं नाही. मग कॅप्टन एकेक बोचकं सोडायला बसला. डोर्कासच्या चर्चच्या बुटांतसुद्धा त्याने हात घातला. “त्यात काय बाँब आहे का, कॅप्टन?” ती फणकारली. एकजण हसलाही. तेवढ्यात विमान जायची खिंड ढगांनी पांढरी झाली, आणि कॅप्टनने हातातलं गाठोडं तसंच टाकून दिलं. “आज संपलं.”

“तिचं नशीब,” डोर्कास बूट पुसत म्हणाली.

“याइरुस, बायकोला घरी ने,” ओत्निएल म्हणाला. “गरम पाणी पाज. उद्या येईल विमान.”

याइरुस बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. जन्मात थोरल्या भावाला त्याने उलट उत्तर दिलं नव्हतं. त्याने मान वर केली.

“बॅटरी तुझी आहे, दादा. आणि ही उद्यापर्यंत राहत नाही.”