मॅडमचे दोन सेकंद

सतरा मुलं. मळवली स्टेशनापासून पंचवीस मिनिटं पायी. शाळेसमोर पर्यटकांची चिखलाने माखलेली गाडी. एकही हात वर नाही.

बी.एड.ची जिया भाजे गावच्या शाळेत सरावासाठी शिकवत होती. शुक्रवारपर्यंत तिच्या कृतिसंशोधनाचा, म्हणजे वर्गातली एक समस्या शोधून सोडवण्याचा, प्रस्ताव मंजूर झाला नाही, तर सत्र वाया जाणार होतं. तिने समस्या लिहिली : ‘सहावीची मुले प्रश्नांना उत्तरे देत नाहीत.’ कारणं : लाजाळूपणा, पालकांचे दुर्लक्ष, शनिवार-रविवारचे पर्यटक.

मग तिने वर्गालाच कारण विचारलं.

इंद्रायणी उभी राहिली. “मॅडम, तुमी इचारता आन तुमीच सांगता. आमी कवा बोलायचं?”

“मी असं करते? छे, कधीच नाही.”

“हे बगा, आत्ता केलं,” सोहेल म्हणाला.

वर्ग हसला. मग जियाचाच मोबाइल घेऊन सोहेलने दिवसभर वेळ मोजली. प्रश्नानंतर मॅडम सरासरी दोन सेकंद थांबत होत्या.

जियाने समस्या खोडून नवी लिहिली : ‘शिक्षिका उत्तराची वाट पाहत नाही.’

मार्गदर्शक माधवराव सरांनी कागदावरून मान वर केली. “समस्या विद्यार्थ्यांची असते, जिया. शिक्षकाची असते का? नसते. बरं, उपाय काय? थांबायचं, एवढंच ना? आणि मोजणार कोण? मुलंच मोजतील. जमेल की.”

जिया गप्पच होती.

“छान समजावलंस,” म्हणत सरांनी सही केली.

त्याच सकाळी त्यांनी बी.एड.च्या इतरांचे, शब्दन् शब्द सारखे असलेले नऊ प्रस्ताव मंजूर केले होते.