दीड हात पूर्वेकडे

मित्रांनो, माझं वजन चार टन आहे, आणि एकदा मी जागची फक्त दीड हात सरकले. त्याची किंमत एका मुलीच्या गुडघ्याने मोजली. मी धातू कापणारी एक जुनी मशीन. विश्रांतवाडीच्या एका कारखान्यात नऊ वर्षांपूर्वी मी जहाजातून, मग ट्रकमधून आले.

एकाच तुकड्याला मी पाच बाजूंनी वळवून कापते. केसाच्या जाडीहून बारीक फरकही मला चालत नाही. अशा हाताने माणसाचा कृत्रिम गुडघा होतो, तसेच क्षेपणास्त्राचे भागही होतात. म्हणून ज्या देशात मी घडले, त्या देशाने मला पाठवण्याआधी लिहून घेतलं होतं, की ही कुठे उभी राहील, काय बनवील, आणि विचारल्याशिवाय तिला कुणी हलवणार नाही. एकाला विकलेली मशीन गुपचूप तिसऱ्याच्या हाती जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. तरीही कुणी हलवलंच, तर माझ्या पोटातल्या एका छोट्या पेटीला ते कळतं आणि ती मला बंद करते. दीड हात आणि दीड हजार मैल यांतला फरक त्या पेटीला समजत नाही.

ही सूचना इंग्रजीत माझ्या दारावर चिकटवलेली होती. पण आमचे मालक आप्पासाहेब भाविक. दर खंडेनवमीला ते माझी पूजा करायचे, आणि कुंकवाचं स्वस्तिक नेमकं त्या सूचनेवरच काढायचे. तेवढीच पांढरी, सपाट जागा ना! आठ वर्षांत आठ थर बसले. सूचना देवाघरी गेली म्हणा.

मला चालवायची द्वारकाबाई. ती कुठल्या कॉलेजात गेली नव्हती, बघून बघून शिकली. रोज सकाळी माझ्यावर हात ठेवून म्हणायची, "चल गं बाई." आम्ही दोघींनी शेकडो सांधे केले. डॉक्टर फोन करून वाखाणायचे आणि आप्पासाहेब तो फोन मुद्दाम मोठ्या आवाजावर ठेवायचे.

गेल्या वर्षी कर्वेनगरची वल्लरी आली, तेरा वर्षांची. तिच्या गुडघ्याच्या हाडात गाठ होती. हाड काढून तिथे खास तिच्या मापाचा सांधा बसवायचा होता. दसऱ्यानंतर दहा दिवसांनी ऑपरेशन ठरलं होतं, आणि ते पुढे ढकलणं धोक्याचं होतं.

"माझा गुडघा हीच करणार?" तिने विचारलं.

"हीच," द्वारकाबाई म्हणाली. "माझ्यापेक्षा शहाणी आहे. फक्त चहा पीत नाही."

वल्लरी हसली. तिचा आराखडा तिच्याच नावाने माझ्या स्मरणात भरला गेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी कापायला लागणार होते.

त्याच आठवड्यात कुणीतरी आप्पासाहेबांना सांगितलं, की मशीनचं तोंड पूर्वेला हवं, म्हणजे कामं वाढतील. पण पूर्वेला तोंड वळवायचं, तर भिंतीपासून दीड हात पुढे घ्यावं लागणार. खंडेनवमीच्या सकाळी मार्केट यार्डातून रंगराव हमाल आपली माणसं, पहारी आणि लोखंडी नळ्या घेऊन आला.

"मालक, कुणाला इचारायचं न्हाई ना?" त्याने आधी विचारलं.

"माझ्या घरातलं कपाट सरकवायला मी शेजाऱ्याची परवानगी घेतो का रे?"

रंगरावाने मान डोलावली. मी नळ्यांवरून सरकले, वळले. हार पडला, नारळ फुटला, नववं स्वस्तिक निघालं. मग द्वारकाबाईने बटण दाबलं आणि मी उठलेच नाही. पडद्यावर लाल कुलूप दिसत होतं.

मला बनवणाऱ्या कंपनीने दुपारीच मेल करून विचारलं, मशीन हलवली होती का?

"आप्पासाहेब, हो लिहा," द्वारकाबाई म्हणाली. "दीड हात सरकवली, वास्तूसाठी. सरळ लिहून टाका."

"हसतील मला. आणि दीड हाताला काय हलवणं म्हणतात?"

त्यांनी लिहिलं, "नाही."

पण पेटीने तारीख, वेळ, सगळं टिपलं होतं. मला तोंड असतं तर मी त्यांचा हात धरला असता. चार दिवसांनी कंपनीचा सुदर्शन आला. त्याने जमिनीवरचे नळ्यांचे ओरखडे पाहिले, माझ्या गळ्यातला हार पाहिला.

"काका, हो म्हणाला असतात तर आज चालू करून गेलो असतो. आता उत्तर खोटं निघालंय. फाईल मशीन बनली त्या देशाच्या सरकारकडे गेली."

"किती दिवस?"

"दिवस नाही, काका. महिने."

साडेतीन महिने लागले. दुसरीकडे सांधा करून घ्यायला वेळ उरला नव्हता. डॉक्टरांनी तयार मापाचा बसवला. गाठ गेली, वल्लरी वाचली. पण तो गुडघा अर्धाच वाकतो. मी मात्र प्लास्टिकखाली उभी होते आणि लोक माझ्यावर डबे ठेवत होते.

यंदाच्या खंडेनवमीला आप्पासाहेबांनी वल्लरीला बोलावलं. ती पाय लांब करून खुर्चीत बसली. आप्पासाहेबांनी हार बाजूला ठेवला, रॉकेलचा बोळा घेतला आणि माझ्या दारावरचं कुंकू स्वतः घासून काढलं. खूप वेळ घासत होते. शेवटी अक्षरं उमटली. वल्लरीने मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं, "हलवण्याआधी विचारा."

मग ती म्हणाली, "एवढंच होतं?"

आप्पासाहेबांनी बोळा खाली ठेवला आणि कुंकवाची वाटी द्वारकाबाईच्या हाती दिली. द्वारकाबाईने स्वस्तिक त्या वर्षी सूचनेच्या खाली, लहानसं काढलं.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना हार नको, नारळ नको. आमच्या अंगावर लिहिलेलं वाचा. आणि चूक झालीच, तर पहिल्या दिवशी सांगून टाका. दीड हाताची चूक दीड हातच राहते.

वल्लरीचा आराखडा अजून माझ्या स्मरणात आहे. द्वारकाबाईने तो पुसलेला नाही. पण वल्लरी वर्षभरात चार बोटं उंच झाली. ते माप आता कुणाचंच नाही.