बिनदाराची खोली

रसेलने पांघरुणाचं टोक धरलं आणि एका हिसक्यात ते मार्नीच्या अंगावरून ओढून कोपऱ्यात भिरकावलं. खोलीला दार नव्हतं, त्यामुळे जिन्यातला दिवा थेट तिच्या तोंडावर येत होता.

"ऊठ. राणीसाहेबांसाठी स्पर्धा थांबणार नाही."

"आज शनिवार आहे, डॅड."

"सूर्याला सांग ते."

"सूर्य पण अजून उठलेला नाही."

उत्तर नसलं की तो हात चालवी. टेबलावरच्या पेल्यातलं गार पाणी ओंजळीत घेऊन त्याने तिच्या मानेवर मारलं. ती किंचाळली. इस्पितळातली रात्रपाळी संपवून नुकतीच घरी आलेली तिची आई, जोअॅन, खालून ओरडली, "या घरात एका तरी माणसाला झोपू द्या!"

दार सप्टेंबरपासून गॅरेजमध्ये होतं. मार्नीने आतून कडी लावून शाळेची बस पुन्हा एकदा चुकवली, त्या दिवशी रसेलने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दार खांद्यावर टाकून खाली नेलं. सोळा वर्षांची मुलगी कपडे बदलायला बाथरूममध्ये जाऊ लागली. याला शिस्त म्हणतात, असं तो शेजाऱ्यांना सांगे. शेजारी माना डोलवत, कारण गावातली निम्मी छपरं त्यानेच घातली होती आणि गळायला लागली तर पुन्हा त्यालाच बोलवायचं होतं.

छपराचं काम उन्हं चढायच्या आत उरकावं लागतं. त्यामुळे रसेलच्या लेखी जगात दोनच जातीची माणसं होती, उठलेली आणि लोळणारी. अशात गावात नवं खूळ निघालं होतं. हायस्कूल सातला न भरवता साडेआठला भरवायचं म्हणे, पोरांची झोप पुरी होत नाही म्हणून. मंगळवारी शाळा-मंडळाच्या सभेत मतदान होणार होतं आणि विरोधात बोलायला रसेल हॅगर्टी उभा राहणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

जिल्ह्याच्या वादविवाद स्पर्धेला यंदा नेमका हाच विषय होता, आणि मार्नी अंतिम फेरीत पोचली होती. या स्पर्धेत बाजू आपण निवडायची नसते. फेरीच्या तोंडावर नाणं उडवतात आणि वाट्याला येईल ती बाजू मांडावी लागते.

"जिंकलीस तर दार परत," ट्रक सुरू करताना रसेल म्हणाला.

"आणि हरले तर?"

"तर काय, त्याला गॅरेजची सवय झालीच आहे."

"नक्की ना?"

"मी बोलतो ते करतो."

"ते माहितीये मला," मान पुसत मार्नी म्हणाली. मग खिडकीच्या काचेला डोकं टेकून तिने डोळे मिटले.

ग्रंथालयाच्या सभागृहात गर्दी बरी होती. समोर ओवेन नावाचा, टाय लावलेला, डॉक्टरांचा मुलगा होता. नाणं उडालं. शाळा उशिरा भरवण्याची बाजू ओवेनकडे गेली आणि विरोध मार्नीकडे. रसेलने मांडीवर थाप मारली.

"वर बसलेल्यालाही कळतं," तो शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला.

ओवेन चांगला बोलला. मेंदू, झोप, संशोधन, सगळं ओळीने मांडलं. पण ऐकणाऱ्यांतले तिघेचौघे जांभया देऊ लागले. मार्नी उठली तेव्हा तिच्या हातात कागद नव्हता.

"ओवेनने आकडे दिले. मी आमच्या घरातलं सांगते," ती म्हणाली. "मला माझे वडील उठवतात. कधी पांघरूण ओढून, कधी कानाशी पत्र्याच्या बादलीवर पाना बडवून. आज पाणी होतं. माझ्या खोलीचं दारही त्यांनी काढून नेलंय. आणि बघा, मी उठते. तेव्हापासून एकदाही बस चुकलेली नाही."

लोक हसले. हे कुणाबद्दल चाललंय ते लोकांना कळावं म्हणून रसेलने मान वळवून चौफेर पाहिलं.

"मागच्या महिन्यात दात घासता घासता मला उभ्या उभ्या झोप लागली आणि कपाळ नळावर आपटलं. वडील म्हणाले, पट्टी लाव आणि बस पकड. पहिल्या तासाला मी वर्गात होते."

आता थोडेच हसले. मार्नीच्या भुवईवरचा वण शेवटच्या रांगेतूनही दिसत होता. आपण तसं म्हणालो होतो, हे रसेलला आठवत होतं. शिवाय हाताखालच्या माणसांनाही त्याने ते कौतुकाने सांगितलं होतं.

"सकाळी आमच्याकडे कुणी कुणाशी बोलत नाही. मी वडिलांशी शेवटचं हसून कधी बोलले, ते आठवत नाही. पण शाळेला त्याचं काय? शाळेला मूल वेळेवर हवं असतं. ते असं मिळतं. मी त्याचा पुरावा आहे."

ती बसली. आधी एकदोघांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. ती जिंकली. चषक देताना परीक्षक बाईंनी विचारलं, "तुझे वडील आलेत का?" सगळ्या माना वळल्या. रसेलला हात वर करावा लागला. तो त्याने खांद्यापर्यंतच नेला.

परतीच्या वाटेवर ट्रक हमरस्त्याला लागला.

"छान बोललीस," शेवटी तो म्हणाला.

"सगळं तुझंच होतं."

"पटतंय म्हणजे तुला. उशिरा का होईना."

"माझ्या वाट्याला ती बाजू आली, डॅड."

"आणि नाणं उलटं पडलं असतं तर?"

"तरी हेच बोलले असते."

"हेच म्हणजे?"

"हेच. बादली, पाणी, दार, कपाळ." ती मांडीवरच्या चषकाचं झाकण काढून पुन्हा बसवत होती. "फक्त शेवटची दोन वाक्यं बदलावी लागली असती."

त्याने गिअर बदलला.

"मंगळवारी सभा किती वाजता आहे?" तिने विचारलं.

त्याने रेडिओ लावला.

शब्द दिला होता, म्हणून घरी आल्या आल्या तो गॅरेजमधून दार वर घेऊन गेला. मार्नी बुटांसकट पलंगावर पडली होती, तोंड उघडं, गाढ झोपेत. पलीकडच्या खोलीत जोअॅन झोपली होती. त्याने दार चौकटीत उभं केलं, स्क्रू दातांत धरले आणि ड्रिल उचललं. बटणावर बोट ठेवून तो तसाच थांबला. दाराचा सगळा भार त्याच्या खांद्यावर आला होता. मग ड्रिल हळूच जमिनीवर ठेवून तो साधा स्क्रूड्रायव्हर खिशात आहे का ते चाचपू लागला.