नावाच्या जागी आकडा

"रक्ताच्या थैलीवर चिठ्ठी नसेल तर थैली खाली पाठवता येत नाही, वेतुरिया. आणि खाली त्या बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये." ऑलिंपिया प्रयोगशाळेतून धावत येऊन दारातच उभी राहिली. "छापणार आहे का तुझं यंत्र?"

"छापायला नवं काम सुरू व्हावं लागतं. यंत्र तेच सुरू होऊ देत नाहीये."

रक्तकेंद्राचे प्रमुख डॉक्टर झाम्फिर वेतुरियाच्या खुर्चीमागे येऊन ठाकले होते. "मग बंद करून चालू करा ना, बाई. घरी मी तेच करतो."

"घरी करा, साहेब. इथे तिचं रक्त जुळवणं अर्ध्यावर आलंय. बंद केलं तर सगळं पहिल्यापासून."

"दोन मिनिटं देतो."

चालू कामांची यादी सकाळपासून संगणकाच्या पडद्यावर उघडी होती, एवढंच नशीब. यादीची मांडणी इलारिऑनची, तिच्याआधी हे यंत्र सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याची. निवांत पडलेली कामं दिसायची नाहीत, कुणी सुरू केली तेही नाही. राबणारी तेवढी दिसायची. पडदा देवाच्या कोपऱ्यासारखा स्वच्छ हवा, म्हणायचा. लेंटचे, ईस्टरपूर्वीचे उपास सुरू होण्याआधीच तो वारला. आज सकाळीच वेतुरियाने मृताच्या स्मरणार्थ शिजवतात ते गोड गहू त्याच्या नावाने सगळ्यांना वाटले होते. त्याच्या मांडणीला मात्र अजून कुणी हात लावला नव्हता.

त्या स्वच्छ यादीत सगळं ठीक दिसत होतं.

वेतुरियाने टेबलाखाली हळूच क्रूसाची खूण केली आणि झोपलेली कामं दाखवणारी कळ दाबली. पडदा भरला. वरपासून खालपर्यंत एकाच कामाचं नाव, ओळीमागून ओळ. मग तिने कामाच्या मालकाचा रकाना आणला. इतरांपुढे माणसांची नावं होती. या ओळींपुढे नुसता आकडा.

"हे कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"ज्याचं यंत्रावरचं खातं काढून टाकलंय, तो. खातं गेलं की नावाच्या जागी आकडा उरतो." तिचा आवाज उतरला. "काल कार्यालयाने इलारिऑनचं खातं काढलं. यंत्र ठीक आहे, असा निरोप त्याला सारखा जात राहावा म्हणून त्याने एक काम लावून ठेवलं होतं. आता निरोप घ्यायला कुणी नाही. एकेक अडकत गेला, आणि नव्या कामाला जागाच उरली नाही."

"मेल्यावरही ड्यूटी सोडली नाही म्हाताऱ्यानं," ऑलिंपिया म्हणाली. "सोडव गं त्याला."

कोणत्या कामातून कोणतं काम निघालं, तो रकानाही तिने लावला. साऱ्या ओळी एकाच कामाकडे बोट दाखवत होत्या. तिने ते निवडलं. नक्की थांबवायचं का, असं पडद्याने विचारलं.

बोट कळीवर टेकलं, पण दाबलं गेलं नाही.

"वेतू," ऑलिंपिया हळूच म्हणाली.

तिने कळ दाबली.

ओळी भराभर गळाल्या. क्षणभर काहीच झालं नाही. मग शेजारच्या खोलीत छपाईची करकर सुरू झाली, आणि ऑलिंपिया तिकडे पळाली.

डॉक्टरांनी कपाळ पुसलं. "आता यादी पूर्वीसारखी करून टाका."

"राहू द्या, साहेब. अशीच बरी."

ते गेल्यावरही ती पडद्यापुढेच बसून होती. मालकाच्या रकान्यात आता सगळी नावंच होती.